चिमट्याच्या सांध्याची कैफियत

मोटारसायकलीचे मागचे चाक ज्या दुहेरी भुजेत बसविलेले असते तिला आपल्याकडील मेस्त्री चिमटा म्हणतात. हा चिमटा सांगाड्याला ज्या आडव्या नळीने जोडलेला असतो तिच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी दोन नळकांडी दाबून बसविलेली असतात, त्यांतून एक पोलादी दांडा आरपार जातो, आणि रस्त्यावरील प्रत्येक खाचखळग्याबरोबर चाक जेव्हा वर-खाली होते तेव्हा सारा चिमटा त्या दांड्याभोवती काही अंशांतून मागेपुढे फिरतो. ही दोन नळकांडी म्हणजे बुश. गाडीच्या वजनात किंवा किमतीत त्यांचा हिस्सा नगण्य असला, मालकाचे लक्ष त्यांच्याकडे वर्षानुवर्षे जात नसले, तरी सांगाड्यातील मौल्यवान भाग झिजू नयेत म्हणून स्वतः झिजण्याची सनद घेऊनच ती जन्माला आलेली असतात. आणि जुन्या गाड्यांपैकी कोणत्या टिकल्या व कोणत्या भंगारात गेल्या याचा निवाडा करताना इंजिनाइतकीच या क्षुद्र नळकांड्यांची साक्ष काढावी लागते, असे माझे मत आहे.

सांधा नव्हता तोवर बुशाचे प्रयोजनही नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील बहुसंख्य गाड्यांचे मागचे चाक ताठ सांगाड्यातच आवळलेले असे, आणि रस्त्याचे जे काही आघात टायर पचवू शकत नसे ते खोगिराखालच्या दोन स्प्रिंगांच्या व स्वाराच्या पाठीच्या कण्याच्या स्वाधीन केले जात. पुढच्या चाकाची व्यवस्था त्या मानाने बरी होती. तेथे चार लहान दांड्यांवर झुलणारा गर्डर फोर्क असे, त्या दांड्यांना बुश असत, आणि ग्रीसची पिचकारी वेळोवेळी न मारल्यास ते खुळखुळू लागून हँडल हातात थरथरे, हा अनुभव त्या पिढीतील प्रत्येक स्वाराच्या गाठीशी होता. मागच्या चाकालाही सांधा द्यावा ही कल्पना काही नवी नव्हती. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील 'इंडियन' कंपनीने १९१३ मध्येच पाट्यांच्या स्प्रिंगांवर झुलणारे मागचे चाक बाजारात आणले होते. परंतु त्या कल्पनेचा प्रसार झाला नाही, आणि याचे कारण केवळ अभियंत्यांचा सनातनीपणा हे नव्हे. इंजिनाची सारी ओढ चेनमार्फत ज्या चाकावर येते ते चाक एका सांध्यावर लटकवायचे, आणि तो सांधा सूतभर जरी सैल झाला तरी वळणावर मागचे चाक स्वतःच दिशा ठरवू लागायचे, ही भीती सर्वस्वी साधार होती. तत्कालीन धातू, तत्कालीन वंगण आणि तत्कालीन धुळीचे रस्ते यांचा मेळ घातला तर ताठ सांगाड्याचे समर्थन करणारी मंडळी मूर्ख नव्हती, हे मान्य करावे लागते.

१९२८ हे वर्ष या मामल्यात महत्त्वाचे ठरले. इंग्लंडात फिलिप व्हिन्सेंट या तरुणाने त्या वर्षी स्वतःची कंपनी स्थापून त्रिकोणी झुलत्या सांगाड्याच्या गाड्या विकावयास आरंभ केला. आणि त्याच वर्षी इटलीत ज्युसेप्पे गुझ्झी याने मोटो गुझ्झीची झुलत्या मागच्या चाकाची गाडी उत्तर ध्रुववृत्तापर्यंत चालवीत नेऊन तिचा भक्कमपणा सिद्ध केला. तरीही शर्यतीच्या जगाला हे पटण्यास १९३५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मॅन बेटावरील सीनियर टीटी शर्यतीत नॉर्टनच्या ताठ सांगाड्याच्या गाडीवर जिमी गथ्री होता आणि मोटो गुझ्झीच्या स्प्रिंगयुक्त गाडीवर स्टॅन्ली वुड्स हा आयरिश स्वार होता. गथ्री जिंकला असे गृहीत धरून त्याच्या अभिनंदनाची तयारी चालू असतानाच वुड्स अवघ्या ४ सेकंदांच्या फरकाने विजयी ठरला, आणि मागच्या चाकाला सांधा हवा की नको हा वाद शर्यतीपुरता तरी निकालात निघाला.

रस्त्यावरच्या गाड्यांच्या कारखानदारांनी मात्र आणखी दीड दशक आडवळणे घेतली. कोणी चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी उभ्या नळ्यांत सरकणाऱ्या स्प्रिंगा बसविल्या. ट्रायम्फने तर चाकाच्या तुंब्यातच स्प्रिंगा कोंबण्याचा विक्षिप्त उद्योग केला, आणि त्या तुंब्याचे झाकण योग्य हत्यारांवाचून उघडू नये अशी ताकीद द्यावी लागली, कारण आत दाबून ठेवलेल्या स्प्रिंगा बाहेर उसळल्या तर मेस्त्रीचे हात शाबूत राहण्याची शाश्वती नव्हती. या साऱ्या युक्त्यांमागील हेतू एकच होता, झुलणाऱ्या भुजेचा सांधा टाळणे. रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीने तो टाळला नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये कोलमोर चषकाच्या स्पर्धेत तिने नव्या बुलेटचे नमुने उतरविले, तेव्हा चिखलात पकड धरण्यासाठी मागचे चाक ताठच हवे असे मानणाऱ्या जाणकारांनी नाके मुरडली. पण त्याच वर्षी इटलीत सान रेमो येथे भरलेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विजयी ठरलेल्या ब्रिटिश संघातील दोन बुलेटस्वारांनी सुवर्णपदके मिळविली. तेल-दाबाचे शॉक ॲब्सॉर्बर आणि झुलता चिमटा ही जोडी १९४९ पासून ३५० सीसीच्या सामान्य बुलेटबरोबर गिऱ्हाइकाला मिळू लागली.

या चिमट्याच्या मुळाशी रेडिचकरांनी मोठ्या व्यासाचे ब्राँझचे बुश बसविले. ब्राँझच का, हे समजण्यासाठी त्या सांध्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. इंजिनातील क्रँकसारखा दांडा जेव्हा एका दिशेने वेगाने फिरतो तेव्हा तो आपल्याबरोबर तेल ओढून घेतो, तेलाचा एक पातळ पापुद्रा तयार होतो, आणि धातूला धातूचा स्पर्श जवळजवळ होतच नाही. चिमट्याच्या सांध्याला हे भाग्य नाही. तो पूर्ण फेरा कधीच घेत नाही. काही अंश पुढे, तितकेच मागे, इतकीच त्याची हालचाल. पापुद्रा जमण्यापूर्वीच दिशा बदलते, आणि स्वाराचे वजन व चेनची ओढ सदैव त्याच बाजूने येत असल्यामुळे झीजही सदैव त्याच जागी होते. म्हणूनच बाहेर काढलेला जुना बुश पाहावा तो गोल राहिलेला नसून अंडाकृती झालेला असतो, आणि बहुधा चेनच्या बाजूचा दुसऱ्यापेक्षा अधिक झिजलेला असतो. अशा ठिकाणी पोलादावर पोलाद घासले तर दोन्ही एकमेकांना ओरबाडून घेतील. तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू पोलादाहून मऊ असल्यामुळे स्वतः झिजतो, दांड्याला वाचवितो, बाहेरून शिरलेला धुळीचा कण आपल्या अंगात रुतवून घेतो, आणि ग्रीस सुकले तरी लगेच जाम होत नाही. फॉस्फर ब्राँझमध्ये कथिलाचे प्रमाण साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास व फॉस्फरस अत्यल्प असतो. आपल्याकडील लेथवाले ज्याला गनमेटल म्हणतात त्यात तांबे व कथील यांच्या जोडीला थोडे जस्त असते. या कुळातील धातूंशी महाराष्ट्राचा परिचय मोटारसायकलीच्या कितीतरी आधीचा आहे. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली गेली, ती तांबे-कथिलाच्या मिश्रणातूनच. आणि पेशवाईतील कागदपत्रांत पंचरशी तोफांचे जे उल्लेख येतात त्यांमागेही ओतकामाची हीच परंपरा उभी आहे. तोफेतील गुण वेगळा आणि बुशातील गुण वेगळा, हे खरे. परंतु मुशीत धातू वितळवून साच्यात ओतण्याची विद्या तीच, आणि पुढे ती आपल्या उपयोगी कशी पडली ते यथावकाश येईलच.

ब्राँझला एक प्रतिस्पर्धी मात्र तोवर तयार झाला होता. लिऑन थिरी याने १९२० च्या दशकात दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये रबर दाबून बसविण्याची युक्ती काढली. 'सायलेंटब्लॉक' या नावाने ती जगभर गाजली. तिची खुबी अशी की तेथे घासण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आतली नळी सांगाड्याला घट्ट आवळायची, बाहेरची चिमट्यात घट्ट दाबायची, आणि मधले रबर पिळवटून जी काही हालचाल देईल तेवढीच घ्यायची. ना ग्रीस, ना निपल, ना खुळखुळ. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस याने नॉर्टनसाठी जो 'फेदरबेड' सांगाडा रचला आणि ज्यावर जेफ ड्यूकने १९५० मध्ये सीनियर टीटी जिंकली, त्याच कुळातील नॉर्टनच्या रस्त्यावरील गाड्यांत असे रबरी बुश होते. बीएसएच्या मोठ्या दुहेरी सिलिंडरच्या गाड्यांतही १९५४ पासून तेच आले. रबराचा दोष एवढाच की ते झिजत नाही, मरते. वयोमानाने ते कडक होते, भेगाळते, एके दिवशी नळीपासून सुटते, आणि मग त्याला रीमर लावून किंवा कातून वाचविण्याचा कोणताही उपाय उरत नाही. नवीन आणावे लागते, आणि ते मिळाले तरच गाडी पुढे चालते.

वंगणाविषयीच्या गैरसमजाचे एक उदाहरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६७ मध्ये अवतरलेल्या नॉर्टन कमांडो गाडीत चिमट्याला पुन्हा ब्राँझचे बुश आले, परंतु त्यांना ग्रीस नव्हे तर गिअरबॉक्सच्या जातीचे जाड तेल द्यावे अशी कारखान्याची आज्ञा होती. वंगण भरण्यासाठी दिलेली तोटी दिसावयास ग्रीसच्या निपलासारखी. तेव्हा असंख्य मालकांनी व मेस्त्र्यांनी तीत निष्ठेने ग्रीस दाबले. ग्रीस बुशापर्यंत पोचलेच नाही, वाटेतच बसून राहिले, आणि ज्यांनी सर्वांत अधिक काळजी घेतली त्यांचेच बुश सर्वांत आधी गेले.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५० च्या दशकाच्या आरंभी भारतीय सैन्याने सरहद्दीवरील गस्तीसाठी ३५० सीसीच्या बुलेटची मागणी नोंदविली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहकार्याने 'एनफिल्ड इंडिया' स्थापन होऊन मद्रासच्या उत्तरेस तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. प्रारंभी रेडिचहून आलेल्या भागांची जुळणी, मग हत्यारे व साचेही तिकडून आणून येथेच भाग घडविणे, असे करीत १९६२ च्या सुमारास संपूर्ण गाडी भारतात बनू लागली. रेडिचमधील मंडळींनी आपल्या बुलेटमध्ये पुढे अनेक फेरफार केले; मद्रासने मात्र १९५५ चा घाट जवळजवळ जसाच्या तसा धरून ठेवला, आणि त्याबरोबर ब्राँझच्या बुशाचा तो जुना चिमटाही.

हा काळ परवान्यांचा आणि परकीय चलनाच्या तंगीचा होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने ज्यांचा येथे उत्पादन करण्याचा इरादा नाही त्यांनी केवळ जुळणी करू नये अशी शिफारस केल्यावर जनरल मोटर्स व फोर्ड यांनी मुंबईतील आपली कामे आटोपती घेतली; दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात परकीय गंगाजळी आटल्यावर आयातीचे नियम अधिकच आवळले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी साठ्यातून निघालेल्या आणि त्यापूर्वी साहेबलोकांनी मागे ठेवलेल्या ज्या ब्रिटिश गाड्या देशभर विखुरलेल्या होत्या, त्यांचे सुटे भाग मागविण्याचा अर्ज करून, आयातीच्या परवान्यासाठी मुंबईच्या दप्तरांत खेटे घालून, अखेर हाती काही लागेल याची शाश्वती सामान्य मालकाला उरली नाही. अशा परिस्थितीत ज्या गाडीचा बुश रबराचा ती अडली आणि ज्या गाडीचा बुश ब्राँझचा ती चालत राहिली. याला अपवाद असतील. परंतु कल असाच होता, कारण रबराला पोलादी नळीशी एकजीव करण्याचे तंत्र कारखान्यावाचून साधत नाही, आणि गनमेटलची कांडी कातण्यासाठी एक लेथ व एक जाणता हात पुरतो.

असे हात दक्षिण महाराष्ट्रात विपुल होते. उसाचा चरक आणि विहिरीवरचे ऑइल इंजिन यांनी कोल्हापूर व आसपासच्या मुलखात ओतकामाचा व कातकामाचा जो व्यवसाय वाढविला त्याचे केंद्र शिवाजी उद्यमनगर झाले. चरकाच्या लाटांचे बुश ओतून, कातून, बसवून देणे हे ज्यांचे रोजचे काम त्यांना बुलेटच्या चिमट्याचा बुश म्हणजे किरकोळ बाब. नमुना पुढे ठेवावा, दांड्याचा व्यास मोजून घ्यावा, आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाने मुक्काम न करता संध्याकाळच्या एसटीने परतावे, इतका तो हुन्नर हातातला होता. त्या कारागिरांच्या हाती नकाशे नव्हते. शेकड्यातील किती भाग कथील हे कोणी त्यांना विचारले असते तर त्यांनी उत्तरादाखल कांडीवर कानस मारून रंग दाखविला असता.

प्रत्यक्ष बुश बदलण्याच्या कामात मात्र घाईला थारा नाही, आणि हे काम पाहताना चांगला मेस्त्री व सुमार मेस्त्री यांतील भेद जितका स्पष्ट दिसतो तितका इंजिन उघडतानाही दिसत नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, चाक, चेन आणि दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर सोडवून झाल्यावर मोकळा चिमटा दोन्ही हातांनी आडवा हलवून पाहावा. 'प्ले' किती आहे याचा निकाल तेथेच लागतो. शॉक ॲब्सॉर्बर जागेवर ठेवून ही परीक्षा घेणारे पुष्कळ आहेत, पण स्प्रिंगांचा ताण सांध्याला एका बाजूस दाबून धरीत असल्यामुळे ती कैफियत खोटी ठरते. पुढचा अडथळा दांड्याचा. ग्रीसचे निपल रंगाच्या थरांखाली बुजलेल्या गाडीत दांडा बुशाशी गंजून एकरूप झालेला असतो. रॉकेल व तेल यांचे मिश्रण रात्रभर मुरू देऊन मग तो हळूहळू काढावा, त्यावर घणाचे घाव घालू नयेत, कारण घावाने दांड्याचे तोंड पसरते आणि मग तो कोणत्याच दिशेने निघत नाही.

जुना बुश काढण्यासही दोन रीती आहेत. सुमार मेस्त्री आतून छिन्नी लावून ठोकतो. नळीच्या आतील पृष्ठभागावर ओरखडे पडतात, आणि त्यात बसविलेला नवा बुश कधीच निगुतीने बसत नाही. जाणता मेस्त्री लांब बोल्ट, नळीचा तुकडा व जाड वॉशर यांची जोडणी करून नटाच्या फेऱ्यांनी बुश ओढून काढतो. तरीही तो हलला नाही तर हॅक्सॉच्या पात्याने बुशाला आतून लांबीच्या दिशेने एक चीर देतो आणि चीर पोलादापर्यंत पोचण्यापूर्वी हात थांबवितो. नवा बुश बाहेरून भोकापेक्षा एक-दोन थाऊ, म्हणजे इंचाचे एक-दोन हजारांश, मोठा ठेवलेला असतो, म्हणूनच तो घट्ट बसतो. परंतु दाबला जाताना त्याचे आतले तोंड तितकेच आकसते, आणि बाहेर अलगद सरकणारा दांडा बसविल्यानंतर आत शिरेनासा होतो. येथे अडाणी माणूस दांडाच घासू लागतो. वास्तविक दोन्ही बुश जागी दाबल्यानंतर एकच लांब रीमर दोहोंतून आरपार फिरवून ते एका रेषेत आणावयाचे असतात. एकेक बुश वेगवेगळा रीमला तर दोन्ही गोल होतील, पण एकमेकांच्या सरळ रेषेत येतीलच असे नाही, आणि वाकड्या रेषेतील दोन उत्तम बुशांपेक्षा सरळ रेषेतील दोन मध्यम बुश अधिक दिवस टिकतात. ग्रीसचे भोक निपलासमोर आले आहे की नाही, आतल्या बाजूस ग्रीस पसरण्यासाठी खाच कोरली आहे की नाही, झिजलेल्या दांड्यावर नवा बुश घालण्याचा मोह टाळला आहे की नाही, याही गोष्टी त्याच बैठकीत पाहावयाच्या असतात.

रबरी बुशाचे काम वरकरणी सोपे. परंतु तेथेही एक नियम आहे आणि तो बहुधा मोडला जातो. गाडी स्टँडवर, चाक अधांतरी लोंबत असताना सांध्याचा नट आवळला, तर रबराची मूळ स्थिती तीच ठरते. मग स्वार बसताच रबर पिळले जाते आणि गाडी उभी असली तरी पिळलेलेच राहते. चाक जमिनीवर टेकवून, स्वाराचे वजन गाडीवर आल्यावर चिमटा ज्या कोनात येतो त्या कोनात ठेवूनच तो नट आवळला पाहिजे. हा नियम न पाळल्यामुळे नवेकोरे बुश वर्षभरात फाटतात आणि दोष रबराच्या माथी मारला जातो.

रबर भारतात रुजलेच नाही असे मात्र म्हणता येत नाही. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून आयात केलेली आणि पुढे बजाज ऑटोने आकुर्डीत बनविलेली व्हेस्पा स्कूटर मुळातच अशी रचलेली होती की तिचे इंजिन हाच तिचा चिमटा. ते सांगाड्याला रबरी सांध्यावर टांगलेले असे. चेतकच्या काळात ती लक्षावधी घरांत पोचली तेव्हा तिचे रबर इतक्या संख्येने लागू लागले की त्याचे उत्पादन येथेच होणे अपरिहार्य ठरले, आणि पुण्यातील पेठांतल्या कोणत्याही गॅरेजमध्ये ते हाताशी असे. तेव्हा रबर अडले ते रबर म्हणून नव्हे, तर ज्या गाड्या थोड्या आणि परकीय होत्या त्यांचे रबर म्हणून.

१९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला, १९७० मध्ये रॉयल एनफिल्डचे ब्रिटनमधील उरलेसुरले उत्पादनही थांबले, आणि १९७७ मध्ये मद्रासची बुलेट उलट्या दिशेने इंग्लंडला निर्यात होऊ लागली. तिच्याबरोबर तिचे सुटे भागही गेले, आणि १९५० च्या दशकातील रेडिचच्या गाड्या सांभाळणारे इंग्रज मालक चिमट्याचे बुश मद्रासहून आलेल्या पेट्यांतून घेऊ लागले. फक्त बसविण्यापूर्वी मायक्रोमीटर लावून बाहेरचा व्यास मोजून घेणे त्यांना इष्ट वाटे, कारण मद्रासचा थाऊ कधीकधी रेडिचच्या थाऊहून थोडा उदार असे.